रेव्हरंड टिळक व आमच्या मंडळ्यांचें गाणें

(अभ्यासपाठ. वाचावयाचे भाग: स्तोत्र १३७, कलस्सैकरांस पत्र ३:१२–१७.)



गेल्या पावसाळ्यांत जालना एमआयडीसीमध्यें काम करणाऱ्या एका बंधूच्या घरीं सायंप्रार्थनेकरितां जाण्याचा योग आम्हांस आला. घर दोन खोल्यांचें. जवळच लोखंडी सळयांचा कारखाना असल्यामुळें भट्टीची घरघर प्रार्थनेंतही कानीं येत होती. पहिल्या पाळीचे लोक नुकतेच हातपाय धुऊन बसले होते, आणि रात्रपाळीस जाणारे आपला डबा मांडीजवळ ठेवून होते. गाण्याची वेळ आली तेव्हां एका तरुणानें मोबाईलवर एक हिंदी गीत लावलें व सर्व तरुण टाळ्या वाजवून तें गाऊं लागले. गीत चांगलें होतें. त्यास आमची हरकत नव्हती. परंतु घरधन्याची वृद्ध आई कोपऱ्यांत भिंतीस टेकून बसली होती, तिचे ओठ हालले नाहींत. अंबड तालुक्यांतील एका खेड्यांतून मुलाजवळ येऊन तिला तीन वर्षें झालीं होतीं, आणि तीन वर्षें ती उपासनेंत अशीच बसत असे. तिला वाचतां येत नाहीं, व हिंदीही नीट समजत नाहीं.

आम्हीं तिला म्हटलें, "आजी, तुम्हांस येत असेल तें एखादें म्हणा." तिनें पदर सारखा केला, डोळे मिटले, व जात्यावरील ओवीच्या चालीनें एक पद आरंभिलें. लहानपणीं तिच्या गांवीं उपदेशकांच्या पत्नीनें तें तिला तोंडीं शिकविलें होतें. ख्रिस्ताला माय म्हणून हांक मारणारें तें पद होतें. तें कोणीं रचिलें हें तिला ठाऊक नव्हतें. तें रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें होय. रात्रपाळीचे दोघे जण उठावयाचे ते तसेच बसून राहिले.

निघतांना वाटेंत दोन प्रश्न आमच्यापुढें आले. आमच्याबरोबर असलेले मंडळीचे एक वडील म्हणाले, "पाळकसाहेब, राग मानूं नका. हें तर भजन झालें. ज्या देवळाच्या पायरीवर आमच्या आजोबांस कोणीं उभें राहूं दिलें नाहीं, त्या देवळाचा टाळ आतां प्रभूच्या उपासनेंत कशाला?" आणि तो मोबाईलवाला तरुण म्हणाला, "साहेब, कारखान्यांत सोबती मला म्हणतात कीं तुमचा धर्म बाहेरचा, तुमचीं गाणींही बाहेरचीं. मी काय उत्तर देऊं?" एकास आपलें गाणें फारच देशी वाटतें, दुसऱ्यास तें परदेशी ठरण्याची भीति वाटते, आणि ज्या बाईनें तें गाइलें ती मात्र तीन वर्षें मुकी बसलेली! ह्या दोन प्रश्नांकरितां आम्ही ह्या आठवड्याच्या पाठांत टिळकांचें चरित्र घेत आहों.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील कडक स्वभावाचे, आई मृदु मनाची. ती लवकर वारली, पण कवितेचें व भक्तीचें बीज मुलाच्या मनांत तिनेंच पेरिलें. पुढें नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ ते संस्कृत शिकले. १८८० सालीं नाशकाजवळील जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनकर्णिका हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. ह्याच पुढें प्रसिद्धीस आलेल्या लक्ष्मीबाई. टिळक एका गांवीं फार दिवस टिकत नसत. कोठें शाळेंत शिकविलें, कोठें कीर्तन केलें, कोठें पुराण सांगितलें. पैसा हातीं आला कीं दारीं आलेल्यास देऊन मोकळे होत. घरांत पीठ आहे कीं नाहीं ह्याची चिंता बहुधा लक्ष्मीबाईंनींच वाहिली. थोर मनुष्याच्या घरीं राहणाऱ्यांस त्याच्या थोरपणाचा भार कसा उचलावा लागतो हें पाहावयाचें असेल तर त्यांचें "स्मृतिचित्रें" हें पुस्तक वाचावें. ज्या बहिणींस वाचतां येतें त्यांनीं तें इतर बहिणींस वाचून दाखवावें.

नागपुरास असतां त्यांच्या मनांत एक विचार घोळत होता. जातिभेदानें हा देश पोखरला आहे. ज्यांत सर्व माणसें भावंडें ठरतील असा धर्म पाहिजे, आणि तो कोठें नसेल तर आपणच स्थापावा! १८९३ सालीं राजनांदगांवास जात असतां आगगाडीच्या डब्यांत त्यांची एका युरोपियन गृहस्थाशीं गांठ पडली. काव्याविषयीं बोलणें निघालें, मग धर्माविषयीं निघालें. त्या गृहस्थानें त्यांस नव्या कराराचें पुस्तक दिलें व आपण दोन वर्षांच्या आंत ख्रिस्ती व्हाल असें भविष्य केलें. टिळकांस तें भविष्य रुचलें नाहीं, पण पुस्तक वाचावयाचें वचन दिलें होतें म्हणून ते वाचीत गेले. डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर त्यांस तें पुस्तक खालीं ठेववेना. पुढें "ज्ञानोदय" पत्राचे संपादक रे. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार झाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथें आपण घाई करून पुढें जाऊं नये. बाप्तिस्म्याची तारीख लिहावयास एक ओळ पुरते. त्या तारखेची किंमत पुढें कित्येक वर्षें द्यावी लागते, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस स्वानुभवानें ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंस ही बातमी कळली तेव्हां त्यांच्यावर आकाश कोसळलें. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. चारपांच वर्षें नवराबायको वेगळीं राहिलीं. लहान मुलगा दत्तू आईजवळ होता. शेवटीं त्या अहमदनगरास पतीजवळ आल्या, तरी आरंभीं आपलें सोंवळें संभाळून व आपला स्वयंपाक वेगळा करूनच राहत. टिळकांनीं त्यांच्यावर जुलूम केला नाहीं. जातीचा भ्रम त्यांच्या मनांतून आपोआप गळाला, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ज्या बंधूंचीं कुटुंबें अद्याप विश्वासांत आलेलीं नाहींत त्यांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी.

अहमदनगरास (ह्या शहराचें नांव आतां अहिल्यानगर असें झालें आहे) टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञान शाळेंत शिकवीत, व १९०४ सालीं त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. तेथील मंडळ्या बहुतेक गांवकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेल्या. छप्पनच्या दुष्काळानें अनाथ झालेलीं शेंकडों मुलें तेव्हां मिशनच्या पदरीं होतीं. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानावयास लहानपणीं शिकविलें, त्यांच्याच मुलांस मांडीवर घेऊन टिळक त्यांच्याकरितां गाणीं रचूं लागले.

मराठी ख्रिस्ती लोकांस तोंवर गाणीं नव्हतीं असें नाहीं. १८६५ मध्यें वारलेले हेन्री बॅलंटाइन ह्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं पुष्कळ गीतें मराठींत आणिलीं. त्यानंतर कृष्णाजी रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनीं देशी चालींत पदें रचिलीं, आणि नगरकडील मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तनही सुरू झालें. सांगळ्यांचें तन, मन, धन प्रभूस वाहण्याविषयींचें पद तर इंग्रजींत भाषांतर होऊन परदेशच्या गायनपुस्तकांतही गेलें. ह्या आद्य पदकाराची आठवण आमच्या मंडळ्यांत फारशी निघत नाहीं, ही खेदाची गोष्ट होय.

तथापि भाषांतरित गीतांत एक अडचण असते, ती उपदेशक बंधूंनीं नीट समजून घ्यावी. इंग्रजी गाण्याची चाल शब्दावरील आघातावर उभी असते; एक अक्षर जोरानें, दुसरें हळू, असें तें चालतें. आमच्या भाषेंत असा आघात नाहीं. येथें ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा हिशेब असतो. मराठी शब्द त्या चालींत बसवूं गेलें कीं ऱ्हस्वास ओढावें लागतें व दीर्घास कापावें लागतें, आणि मग खेड्यांतील मनुष्यास आपलेच शब्द ओळखूं येत नाहींत. अभंगाची गोष्ट वेगळी. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिले तीन सहा सहा अक्षरांचे व चवथा चार अक्षरांचा. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचें यमक जुळतें. पुढाऱ्यानें एक चरण म्हणावा, लोकांनीं उचलावा. यमकच पुढच्या शब्दाची आठवण देतें. पुस्तक नको, पेटी नको. ओवी तर ह्याहूनही सैल; जात्याचा खुंटा फिरेल तशी ती लांबते व आखडते. निरक्षर माणसाच्या स्मरणांत शास्त्रवचन मुरवावयाचें झाल्यास ह्याहून सोपें साधन आम्हांस तरी माहीत नाहीं.

टिळकांनीं हें हेरिलें. ख्रिस्ती झाल्यावर आरंभीं त्यांचें मन जुन्या संतवाणीपासून थोडें दूर गेलें होतें, परंतु पुढें ते तिच्याकडे परतले, आणि तुकोबा हा आपणांस ख्रिस्ताकडे आणणारा पूल झाला असें ते सांगूं लागले. ज्ञानोबांस वारकरी माउली म्हणतात. टिळकांनीं ती हांक प्रभूस घातली. अडीचशेंच्या आसपास गीतें त्यांनीं मंडळीस दिलीं. त्यांचे "अभंगांजलि" मधील अभंग वाचून पाहावे. सर्वच गीतें सारखीं उतरलीं आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येकांत संस्कृत शब्दांची इतकी दाटी आहे कीं तीं खेड्यांत गाऊं लागल्यास आधीं अर्थ सांगत बसावें लागतें. परंतु जेथें ते साधे झाले तेथें त्यांच्या तोडीचा मराठी ख्रिस्ती कवि दुसरा नाहीं. मंडळीबाहेरही त्यांचें नांव मोठें. फुलामुलांचे कवि म्हणून महाराष्ट्रानें त्यांस मान दिला. "केवढें हें क्रौर्य" ही त्यांची घायाळ पक्षिणीवरील कविता पिढ्यान् पिढ्या शाळांतून पाठ झाली. आणि बालकवि ठोमरे तर त्यांच्या घरीं मुलासारखे राहिले.

ह्याच काळांत अमेरिकेंत एक बाई गीतें रचीत होती, तिचेंही नांव येथें घेतलें पाहिजे, कारण तिचीं गीतें भाषांतर होऊन आपणांपर्यंत आलीं आहेत. फॅनी क्रॉस्बी ही १८२० सालीं न्यूयॉर्क संस्थानांत जन्मली. दीड महिन्याची असतां डोळे आले व चुकीच्या उपचारानें तिची दृष्टि गेली असें ती सांगे. न्यूयॉर्कच्या अंधशाळेंत ती शिकली व तेथेंच शिक्षिका झाली. आधीं तिनें बाजारांत खपणारीं लोकप्रिय गाणीं लिहिलीं. चाळिशी उलटल्यावर ती भक्तिगीतांकडे वळली, आणि १९१५ सालीं मरण येईपर्यंत आठ हजारांहून अधिक गीतें तिनें रचिलीं. एका गीताबद्दल प्रकाशकाकडून एकदोन डॉलर मिळत, त्यांतूनही ती गरिबांस वांटून टाकी. मूडी यांच्या सभांत गाणारे सँकी यांनीं तिचीं गीतें जगभर नेलीं. ही बाई आपल्या लोकांच्या ओठांवर बसेल अशा चालींत व रोजच्या शब्दांत लिहीत असे. तिच्या यशाचें मर्म तेंच. तेव्हां तिचें अनुकरण करावयाचें तर तिची चाल उचलणें हें अनुकरण नव्हे. तिनें आपल्या शेजाऱ्यांकरितां जें केलें तें आपण आपल्या शेजाऱ्यांकरितां करणें हें अनुकरण होय. टिळकांनीं तेंच केलें. तिचीं गीतें टाकावीं असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. नाताळांत व प्रेतविधीच्या वेळीं भाषांतरित गीतांनीं आमच्या किती घरांचें समाधान केलें आहे!

आतां त्या तरुणाचा प्रश्न. बाळा, तुझ्या सोबत्यांस सांग कीं जालन्यास मंडळी वाढविणारे रे. नारायण शेषाद्रि हे ह्याच देशाचे. १८४३ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढें निजामाच्या मुलुखांत, तुझ्या कारखान्यापासून फार लांब नाहीं अशा जागीं, त्यांनीं बेथेल हें ख्रिस्ती गांव वसविलें. १८९१ मध्यें परदेशाहून परत येतांना समुद्रावर त्यांचा अंत झाला. आणखी एक गोष्ट सांग. टिळकांशीं पत्रव्यवहार करणारे जे अमेरिकन अ‍ॅबटसाहेब, त्यांनीं स्वदेशीं परतल्यावर आपलें उतारवय कशांत घालविलें? महिपतीचीं संतचरित्रें, एकनाथ व तुकाराम यांचें इंग्रजी भाषांतर करण्यांत. परदेशी मनुष्यास ज्या वाणीची एवढी गोडी लागली ती तुला आपली म्हणावयास संकोच कां वाटावा?

वडिलांचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. तो ज्ञानाचा नसून जखमेचा आहे, आणि टिळकांसारख्या ब्राह्मण कवीचें नांव सांगून ती जखम भरत नाहीं. आम्हीं त्यांस इतकेंच म्हटलें कीं, टाळ देवळाच्या मालकीचा आहे हें आपण कां कबूल करावें? चोखोबांस पंढरीच्या देवळांत कोणीं घेतलें नाहीं. त्यांची समाधि महाद्वाराच्या पायरीपाशींच आहे. तरी त्यांचा अभंग आज सारा महाराष्ट्र गातो. जनाबाई परक्या घरची दासी होती. आणि जात्यावरची ओवी तर कोणत्याही पुजाऱ्याच्या परवानगीवांचून आमच्या आज्या व पणज्या पहांटे म्हणत आल्या आहेत. देवळाचें दार आपणांस बंद होतें हें खरें. पण गाणें कोणास बंद करितां आलें नाहीं. ज्यांनीं दार बंद केलें त्यांच्या हातीं आपण होऊन गाणेंही सोपवावें काय? स्तोत्र १३७ मधील बंदिवानांनीं आपल्या वीणा झाडांस टांगून ठेविल्या, पण त्या फेंकून दिल्या नाहींत. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हलगी आमच्या घरची होती. तिच्यावर कोणीं गाणें रचिलें?" ह्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. टिळकांनीं अभंग घेतला, ओवी घेतली. हलगीच्या तालावर मंडळीकरितां लिहिणारा कवि त्यांच्याच घरांतून निघावा लागेल.

टिळकांच्या अखेरच्या वर्षांविषयीं थोडेंच लिहितों. १९१२ पासून ते "ज्ञानोदय" च्या मराठी भागाचें संपादन करीत होते. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडिली, पगार सोडिला, व साताऱ्यास "देवाचा दरबार" नांवाचा बंधुसंघ आरंभिला. त्यांत बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य एकत्र यावे अशी त्यांची इच्छा होती. ह्या बाबतींत आमचें मत त्यांच्याशीं पूर्णपणें जुळत नाहीं. पाळक ह्या नात्यानें बाप्तिस्मा हा आम्हांस बाजूस ठेवितां येत नाहीं. परंतु साठीच्या घरांत आलेला, प्रकृति खालावलेला मनुष्य महिन्याचा ठराविक पगार प्रभूच्या नांवें सोडून निघतो, तेव्हां त्याच्याशीं वाद घालण्यापूर्वीं क्षणभर थांबावें असें वाटतें. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस ते प्रभूकडे गेले. ख्रिस्ताचें चरित्र ओवीबद्ध करण्याकरितां घेतलेलें "ख्रिस्तायन" अपुरें राहिलें. तें कोणीं पुढें न्यावें? जिला लग्नानंतर अक्षरओळख झाली, जी एकदां सोंवळें नेसून पतीच्या घरांत वेगळी चूल मांडीत होती, त्या लक्ष्मीबाईंनींच तें हातीं घेतलें, आणि १९३६ सालीं देवाघरीं जाईपर्यंत त्याचे कितीतरी अध्याय रचिले.

पुढील रविवारच्या उपासनेकरितां उपदेशक बंधूंनीं असें करावें. टिळकांचा कोणताही एक लहान अभंग निवडावा. आधीं अर्थ सांगावा, अवघड शब्द दोनांहून अधिक असल्यास दुसरा अभंग घ्यावा. मग चरण एकेक करून म्हणावा व लोकांकडून म्हणवून घ्यावा. कागद वांटूं नये, कारण कागद वांटला कीं वाचतां येणारे गातात व न येणारे पुन्हा ऐकत बसतात. मंडळींत एखादी वृद्ध भगिनी असल्यास आरंभ तिच्याकडून करवावा. कलस्सैकरांस पत्रांतील उताऱ्यांत पौल गीतांविषयीं लिहितांना एकमेकांस शिकविण्याची गोष्ट सांगतो, ती कोणास उद्देशून आहे ह्याचा विचार वर्गांत करावा.

एमआयडीसींतील त्या घरीं आम्ही त्यानंतर दोनदां गेलों. तो तरुण आतां आपल्या मोबाईलवर आजींचीं पदें उतरून घेतो. आजवर अकरा झालीं आहेत. त्यांतील नऊ आमच्या हाताशीं असलेल्या गायनपुस्तकांत सांपडलीं, दोन सांपडलीं नाहींत. एक कापणीच्या वेळीं म्हणावयाचें आहे व दुसरें मूल झोपवितांना. आपल्या गांवच्या कोणा म्हातारीच्या तोंडीं अशीं पदें असल्यास तीं चालीसह उतरून ठेवावीं, व दिवाळीपूर्वीं आमच्या पाहण्यांत येतील असें करावें.